काटक

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल आहे. तिथं संध्याकाळी चार-सहा पोरं साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून एक परदेशी कार्यक्रम बघत बसली होती. बर्फ भुरभुरतंय, दाढी वाढलेला एक माणूस तळ्याकाठी एकटाच बसलाय, कित्येक दिवसांत त्याच्या गळाला मासा लागलेला नाही, आणि तो कॅमेऱ्याकडे बघत लेकरांच्या आठवणीनं रडतोय. पोरांपैकी एकही हसला नाही, याचं मला बरं वाटलं. शेजारच्या बाकावरचे एक जाणते गृहस्थ मात्र म्हणाले, "ह्याच्यापरीस आपला एखादा ऊसतोड्या पाठवा की तिकडं. शंभर दिवस काय, वर्ष काढील. आपलं हाडच काटक हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी पोचेपर्यंत मला त्या होकाराची लाज वाटायला लागली होती. ती का वाटली हे नीट मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

'काटक' हा शब्द आम्ही बालाघाटाच्या डोंगरातली माणसं दागिन्यासारखा मिरवतो. सोयरीक जुळवताना पाहुणे म्हणतात, पोरगी काटक आहे, म्हणजे ऊसतोडीच्या फडात चालेल. मुकादम टोळी बांधताना तोच शब्द वापरतो. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, वापरतो. दुष्काळाची बातमी करायला आलेला शहरातला वार्ताहरही लिहून जातो की मराठवाड्याचा माणूस मुळातच चिवट, सोसणारा. इतक्या तोंडांतून एकच कौतुक येतं तेव्हा त्यातून कुणाचं काय वाचतं, हे बघायला हवं. काटक माणसाला पाणी कमी पुरतं. त्याचा दवाखाना लांब असला तरी चालतं. त्याच्या कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, दार नसलं तरी त्याला थंडी वाजत नाही. हे कौतुक आमच्या नावावर कर्जासारखं चढत गेलं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि मला ते दाखवून दिलं त्या पोरांच्या मोबाईलवरच्या कार्यक्रमानंच.

त्या कार्यक्रमाचं नाव 'अलोन'. अमेरिकेतल्या हिस्ट्री वाहिनीवर तो २०१५ पासून चालतो. दहा माणसं निवडतात आणि प्रत्येकाला एकमेकांपासून दूर, रानात एकट्याला सोडतात. अंगावरचे कपडे आणि चित्रीकरणाचं सामान सोडून फक्त दहा वस्तू न्यायच्या, त्याही ठरलेल्या यादीतल्या. सोबत कॅमेरावाला नाही, आपलं आपणच चित्रीकरण करायचं. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला पाच लाख डॉलर. पहिल्या पर्वात कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर जिंकणारा ५६ दिवस टिकला. सातव्या पर्वात तर ग्रेट स्लेव्ह या गोठणाऱ्या सरोवराकाठी १०० दिवस काढले तर दहा लाख डॉलर अशी अट होती, आणि ती एकानं पुरी केली. या जातीचे कार्यक्रम त्याआधीही होते. स्वीडनमध्ये १९९७ साली एका बेटावर असा खेळ सुरू झाला, त्यावरून अमेरिकेत २००० साली 'सर्व्हायव्हर' आला. तिथं माणसं टोळ्यांनी राहतात आणि मतदान करून एकेकाला बाहेर काढतात. मला त्या मतदानाच्या खेळात रस नाही. ते आमच्या ग्रामपंचायतीत पुरेसं बघायला मिळतं, आणि त्यात भुकेपेक्षा डावपेच जास्त असतात.

'अलोन' मात्र मी मन लावून बघितला, बरीच पर्वं बघितली, आणि मला तो आवडतो. त्यात भूक खरी आहे. तीन-चार आठवडे गेले की स्पर्धकांचं बोलणं बदलतं. सुरुवातीला जो झोपडी कशी बांधतो हे उत्साहानं सांगत असतो, तो पुढं पुढं फक्त खाण्याबद्दल बोलतो. आईच्या हातचं अमुक, बायकोच्या हातचं तमुक. लाकूड फोडायला उठावं की पडून राहावं याचा हिशेब तो मनात मांडत बसतो, कारण उठायलाही अंगातलंच काहीतरी जाळावं लागतं. अनुभवी प्रेक्षकाला कळतं की इथं जिंकतो तो बहुतेकदा सर्वांत सावकाश उपाशी मरणारा माणूस. म्हणून कित्येक जण जाण्याआधी मुद्दाम खाऊन वजन वाढवतात. दुष्काळाच्या मुलखातल्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटू नये. मला मात्र एक गोष्ट अगदी नवी वाटली.

त्या खेळाला एक रेषा आहे. ठरावीक दिवसांनी डॉक्टर येतात, स्पर्धकाला काट्यावर उभं करतात, नाडी आणि रक्तदाब बघतात. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, असा एक निर्देशांक असतो. तो १७ किंवा त्याखाली गेला की माणसाला घरी पाठवतात. त्याची इच्छा असो वा नसो. तिसऱ्या पर्वात पॅटागोनियात एक स्त्री ८६ दिवस टिकली होती. तिनं हार मानलेली नव्हती, तिला थांबायचंही नव्हतं. डॉक्टरांनी वजन केलं आणि तिला बाहेर काढलं. दुसऱ्याच दिवशी, ८७ व्या दिवशी, उरलेला माणूस विजयी ठरला. एका दिवसासाठी पाच लाख डॉलर गेले. तरी नियम हलला नाही. तिथं कुणी म्हणालं नाही की बाई काटक आहे, काढील अजून आठ दिवस.

शिवाय प्रत्येकाजवळ उपग्रहावर चालणारं एक यंत्र असतं. नको वाटलं, पाय मुरगळला, लेकराची आठवण सहन होईना, तर बटण दाबायचं. माणसं न्यायला येतात. का दाबलं म्हणून कुणी दंड लावत नाही.

हे बघत असताना माझ्या मनात सतत एकच हिशेब चालायचा. आमच्या भागातली बाई १४८ सेंटिमीटर उंचीची धरू. बुटकी म्हणणार नाही कुणी, चारचौघींसारखी. तिचा निर्देशांक १७ यायला तिचं वजन सव्वासदतीस किलो भरायला हवं. उसाची एक मोळी तेवढ्याच वजनाची असते, कधी जास्तच. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचा निर्देशांक साडेअठराच्या खाली निघाला, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या भाषेत त्या कुपोषित. शंभरातल्या जवळपास एकोणीस. त्यातल्या किती जणी सतराच्या रेषेखाली असतील आणि उद्या पहाटे चारला उठून फडात जाणार असतील, याची मोजदाद फडावर कुणी ठेवत नाही. जिथं एखाद्या सुखवस्तू अमेरिकन माणसाचा खेळ डॉक्टर थांबवतात, त्या जागेवरून आमच्या बाईचा कामाचा दिवस सुरू होतो.

"पण त्यांना सवय असते," असं मला एका शिकलेल्या मित्रानं सांगितलं. सवयीबद्दल शास्त्राला काय माहीत आहे ते सांगतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांनी स्वखुशीनं उपासमार पत्करली. युद्धात हत्यार धरायला सद्सद्विवेकानं नकार दिलेली ही माणसं होती. युरोपातल्या उपाशी लोकांना युद्धानंतर कसं खाऊ घालावं हे शोधायला आपलं शरीर त्यांनी दिलं. २४ आठवडे त्यांना जेमतेम निम्म्या खुराकावर ठेवलं, आणि ठरलेलं चालणंही चुकू दिलं नाही. त्यांचं वजन साधारण पावपट घटलं. नाडी मंद झाली. उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. हसणं, वाद घालणं, प्रेमाचे विचार, सगळं हळूहळू विझलं. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. शरीर अर्धपोटी राहून बळकट झालं नाही. त्यानं खर्च कमी केला. घरात पैसा येईना की आपण आधी बाजार कमी करतो, मग दिवा लवकर मालवतो, मग लेकराची शाळेची सहल रद्द करतो, अगदी तसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती कमीत भागतं यांचं.

माझी माय १९७३ च्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर होती. मी नऊ वर्षांचा होतो, कडेला बसून धाकट्या बहिणीला राखायचो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, त्यांतली ती एक. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस निघत. कुणी बरबड्याच्या भाकरी केल्या, कुणी हुलग्याचं माडगं पातळ करून करून चार तोंडांना पुरवलं. म्हातारपणी तिला मी त्या दिवसांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पहिल्यानं लई भूक लागायची. मंग भूक मेली." भूक मेली हे ती सुखाची गोष्ट सांगावी तसं सांगायची, एक कटकट मिटली म्हणून. मिनेसोटातल्या त्या तरुणांची टिपणं माझ्या मायला कुणी वाचून दाखवली असती तर तिनं त्यांना सख्ख्या भावासारखं ओळखलं असतं. फरक इतकाच की ते चालत होते आणि ती खडी फोडत होती. 'अलोन'मधला शहाणा स्पर्धक अंगातली ऊब राखायला पडून राहतो. मायला पडून राहायची मुभा नव्हती. घनफूट मोजून मजुरी मिळायची.

इथं एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तेच काम आमचं बटण होतं. मायचे हात फुटले, तरी ते काम नसतं तर आम्ही उरलो नसतो. त्या दुष्काळात महाराष्ट्रानं लोकांच्या काटकपणावर भरवसा ठेवला नाही. मागेल त्याला काम द्यायचं ठरवलं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला. त्यात मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी, लहान लेकरांना सांभाळायची सोय, असं सगळं लिहिलं गेलं. या यादीकडं नीट बघा. जंगलातल्या खेळात स्पर्धकाला जी हमी मिळते तिची ही गावरान बहीण आहे. माणूस किती सोसू शकतो हे बघत बसण्यापेक्षा सोसणं कुठं थांबवायचं ते आधी ठरवायचं, असा विचार त्यामागं होता. अंमलबजावणीत काय काय झालं हा वेगळा लेख होईल. पण विचार आमच्या मातीत उगवलेला आहे, तो परदेशातून आणावा लागत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

उसाच्या फडात मात्र तो विचार पोचलाच नाही. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं आणि नाव एका अवजाराचं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरायची. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाडा उचलीत चढतो. म्हणजे बटण आहे, पण ते दाबलं की कर्ज वाढतं. मग कोण दाबणार? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. तरण्या बायका पिशवी काढून का टाकतात, याची कारणं अनेक होती: खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती, फडात न मिळणारं पाणी नि आडोसा, लहान वयातली बाळंतपणं. त्या सगळ्यांच्या तळाशी खाडा होता. महिन्यातले ते चार दिवस परवडत नव्हते. अंगच असं करून घ्यायचं की ते थांबा म्हणणार नाही. काटकपणाची याहून भयंकर व्याख्या मला सुचत नाही.

२०१३ मध्ये फ्रान्समधल्या अशाच एका बेटावरच्या स्पर्धेचं चित्रीकरण कंबोडियात सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एक तरुण स्पर्धक हृदय बंद पडून गेला. वाहिनीनं त्या वर्षीचं संपूर्ण पर्व रद्द केलं. त्या कार्यक्रमावर फ्रान्समध्ये खूप टीका झाली, ती योग्यच होती. मी फक्त एवढंच बघतो की एक माणूस गेला आणि सगळं थांबलं. आमच्याकडे कोपीत साप चावून, विहिरीत लेकरू पडून, भरलेली गाडी उलटून माणसं जातात. दोन दिवसांत टोळी परत फडात असते. हंगाम थांबत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत सरळ आक्षेप असा येतो की ही तुलनाच चूक आहे. ते लोक हौसेनं गेलेले, करमणुकीचा कार्यक्रम, त्यात आमच्या गरिबांना कशाला ओढता? हा आक्षेप मी बाजूला सारत नाही, कारण तो अर्धा बरोबर आहे. हौसेची भूक आणि लादलेली भूक पोटाला सारखी लागली तरी मनाला सारखी लागत नाही. पण हौस म्हणजे काय? जिथून परत फिरता येतं तिथं गेलेला माणूस हौसेनं गेला असं आपण म्हणतो. परतीची वाट बंद झाली की हौस संपते. म्हणजे ऊसतोड्याची आणि स्पर्धकाची तुलना करताना त्या वाटेचीच तुलना करायला हवी, आणि ती वाट माणसांनी आखलेली असते. तिथं वाहिनीच्या वकिलांनी आणि डॉक्टरांनी आखली. इथं ती आखायचं काम कायदेमंडळाचं, साखर कारखान्यांचं आणि आपलं आहे.

पोरांनी हे बघू नये, असंही काही पालक मला म्हणतात. मी सहमत नाही. बघू द्या, आणि बघताना त्यांच्याशी बोला. निवृत्त झाल्यापासून मी हंगामी वसतिगृहातल्या लेकरांकडं संध्याकाळी जातो. आईबाप फडावर गेलेली ही लेकरं. एकदा त्यांना या खेळातल्या दहा वस्तूंबद्दल सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही काय न्याल ते लिहा. एकानं लगेच विचारलं, "सर, गोधडी एक वस्तू का दोन? आमची माय दोन शिवून एक करती." मग जे कागद आले ते मी जपून ठेवले आहेत. मेणकापड, काडेपेटी पिशवीत गुंडाळून, मीठ, दाभण आणि सुतळी, बॅटरी, तवा, पाण्याचा ड्रम. एका मुलीनं लिहिलं, कुत्रं. का, तर रात्री उसातून बिबट्या आला तर आधी त्यालाच कळतं. ती दोन हंगाम जुन्नरकडं आईबापाबरोबर राहिलेली होती, आणि तिथल्या उसात बिबटे असतात हे आपल्याला पेपरात वाचून माहीत असतं, तिला कोपीत झोपून माहीत होतं. परदेशी स्पर्धकांनी वर्षानुवर्षं शिकून केलेल्या याद्यांपुढं या याद्या कुठंच कमी नव्हत्या.

मला हे बघून अभिमान वाटला आणि त्याच वेळी आवंढा आला. जगण्याची एवढी विद्या दहा वर्षांच्या लेकराकडं आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर तिची ओळख 'स्थलांतरित' एवढीच.

विद्येबद्दल आणखी एक. माझ्या शाळेत पारध्यांची दोन मुलं होती. तितराचा फास केसाच्या दोऱ्यापासून कसा वळायचा, लाव्हा कुठून निघणार हे गवत बघून कसं ओळखायचं, हे त्यांच्या आजाला जसं येत होतं तसं मी कुठल्याही वाहिनीवर बघितलेलं नाही. खेळातल्या स्पर्धकानं सशाला फास लावला की आपण वा म्हणतो. तो तिथल्या कायद्यानं मुभा दिलेलीच शिकार करतो, हे खरं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, तीही गरजेचीच होती, ती पुन्हा सुरू करा असं मी म्हणणार नाही. पण शिकार बंद करताना शिकाऱ्याला दुसरं काय दिलं? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून आहे. गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात. ज्या माणसाला माळावरच्या प्रत्येक पाखराची चाल कळते, तो आमच्या नायगाव मयूर अभयारण्यात पगारी वाटाड्या का नसावा? किनवट-माहूरच्या रानातल्या कोलाम-गोंड म्हाताऱ्यांना कुठला कंद कसा शिजवला की बाधत नाही हे ठाऊक असतं. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, गावोगाव लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करायची असं त्यात लिहिलेलं आहे. ती नोंदवही सांगणाऱ्याच्या नावानं आणि त्याला मानधन देऊन भरली, तर आपण या विद्येला विद्या मानतो असं म्हणता येईल. तरोटा, कुंजरू, पाथरी, करटुली, कडवंची ही नावं ज्या बायांच्या तोंडी आहेत त्या आता साठीच्या पुढं गेल्या.

हिंदी वाहिन्यांनी असे खेळ करून बघितले तेव्हा त्यांना रान परदेशात सापडलं, २००९ मध्ये मलेशियात, २०१२ मध्ये फिलिपाइन्समध्ये. उद्या एखाद्या मराठी वाहिनीला वाटेल की बालाघाटाच्या उघड्या डोंगरात, एप्रिलच्या उन्हात, कोरड्या नदीत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची स्पर्धा लावावी. लातूर जिल्ह्यात शंभर एकरांत एक एकरही जंगल भरत नाही, पण तहान दाखवायला जंगल लागत नाही. मला अशा कार्यक्रमाची भीती वाटते, कारण आम्ही कॅमेरे येताना आणि जाताना बघितले आहेत. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या दिवशी फलाटावर पाण्याइतकेच कॅमेरे होते. पाऊस पडला आणि सगळे गेले. मांजरा धरणाचा गाळ, खाली गेलेलं भूजल, उसाखालचं वाढतं क्षेत्र, हे प्रश्न फलाटावर तसेच उभे राहिले. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका कार्यक्रमात २३ माणसं स्कॉटलंडच्या एका कोपऱ्यात वर्षभरासाठी राहायला गेली. चार भागांनंतर प्रक्षेपण थांबलं, आणि आतल्या माणसांना ते शेवटपर्यंत माहीतच नव्हतं. कुणीतरी आपल्याला बघतंय या समजुतीवर ते राहत होते. लातूरकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

माझी मागणी छोटी आहे. साखर कारखान्यात वजनकाटा असतो. उसाचं वजन किलोपर्यंत होतं, त्यावरून भांडणं होतात, त्यासाठी निरीक्षक नेमलेले असतात. त्याच काट्याशेजारी एक साधा माणसांचा काटा आणि उंचीची पट्टी ठेवा. टोळी आली की प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचं वजन घ्या, दर महिन्याला घ्या, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पुन्हा घ्या. सतराच्या खाली जो जाईल त्याचं काम थांबवा, खुराक द्या, तपासणी करा, आणि ते दिवस उचलीत धरू नका. त्याचा खर्च कारखान्यानं उचलावा, कारण ते वजन ज्या साखरेत उतरतं ती त्याच्याच गोदामात असते. एका परदेशी वाहिनीला दहा माणसांसाठी जे जमतं, ते सहकाराचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला जमायला हवं. फाट्यावरच्या त्या जाणत्या गृहस्थांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझी बायको पंधरा हंगाम गेली. तिला कधी कुणी काट्यावर उभं नाही केलं."

या एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या तेव्हा शाळेचा काटा आणि भिंतीवरची उंचीची पट्टी वापरून आम्ही सुरुवात केली. आशाताई वही घेऊन बसल्या, मी आकडे वाचत होतो. बाया लाजत होत्या, एकमेकींना पुढं ढकलत होत्या. पहिली जी आली तिच्या कमरेला अजून कोयता खोचलेला होता, घरी जायच्या आधी ती लेकराला भेटायला सरळ शाळेत आली होती. काट्यावर पाय ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "गुरुजी, कोयता धरून उभी राहू का काढून ठिवू?"

"काढून ठेवा," मी म्हटलं. तिनं तो काढून पायरीवर ठेवला आणि काट्यावर चढली.